बी पेशी शून्य

९ फेब्रुवारी

आज ह्याने टोमॅटो खाल्ला. अख्खा, मीठ लावून, आणि एकदाही कळवळला नाही. गेलं वर्षभर तोंडात फोड, घशात फोड, पाठीवर फोड. साधं पाणी प्यायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. सासूबाई ओट्याला टेकून बघत होत्या. शेवटचा घास उतरला तसा त्यांनी सुस्कारा टाकला आणि डोळे पुसत आत गेल्या. म्हटलं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. प्रयोगशाळेच्या नोंदींत नवऱ्याचा टोमॅटो घुसडता येत नाही, म्हणून ही वही.

औषधाने काम केलं. ह्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना बी पेशी म्हणतात, त्यांचं डोकं फिरलं होतं. जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवायची सोडून त्या ह्याच्याच कातडीविरुद्ध बनवत बसल्या होत्या. सलाइनमधून दिलेल्या औषधाने त्या झाडून सगळ्या काढून टाकल्या. आज रिपोर्ट आला : बी पेशी शून्य.

हा म्हणाला, शून्य म्हणजे नापास का? म्हटलं, ह्या विषयात शून्यालाच पहिला वर्ग असतो. मग म्हणाला, घरातले सगळे पहारेकरी काढून टाकलेस, उद्या खरा चोर आला तर काय? त्याला समजावलं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ह्या पेशी म्हणजे कारखान्यातले कामगार. चोराशी हातघाईची लढाई करतात त्या टी पेशी, आणि त्या तुझ्याकडे चिक्कार आहेत. ह्याने हात जोडले. "बाईसाहेब म्हणतात म्हणजे असणारच."

असणारच! वीस वर्षं बी पेशींवर काम करते आहे मी. फुप्फुसात बुरशी शिरली तर बी पेशी काय करतात, हाच माझा विषय आहे. आणि पुस्तकात त्याचं उत्तर एका ओळीचं आहे : फारसं काही नाही. बुरशी हे टी पेशींचं काम. मी हेच शिकवते.

१७ फेब्रुवारी

ह्याच्या दोन्ही हातांवर लाल पुरळ उठलं आहे. वर मळमळ. फोड परत आले या भीतीने ह्याचा चेहरा उतरला, आणि सासूबाईंनी जेवण टाकलं.

फोड नव्हेत, ते मला बघताक्षणी कळलं. त्वचेच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडबरोबर एक मोठी पांढरी गोळी दिली आहे, दिवसाआड घ्यायची. अंगातली ताकद कमी असताना फुप्फुसात बुरशी वाढू नये म्हणून. हे पुरळ त्या गोळीचंच. डॉक्टर रजेवर आहेत. त्यांची मदतनीस म्हणते, सर आल्यावर बघू, तोवर चालू ठेवा. हिला काय जातंय म्हणायला!

मी ह्याचे जुने रिपोर्ट काढले. टी पेशी सहाशे चाळीस. नियम सरळ आहे : दोनशेच्या खाली गेल्या तर ही गोळी हवी, वर असतील तर नको. नियम मूळचा दुसऱ्या एका आजारातला आहे, ज्यात टी पेशीच मरतात. पण फुप्फुस ते फुप्फुस आणि बुरशी ती बुरशी. सहाशे चाळीसवाल्या माणसाला गोळी देऊन आजारी पाडणं म्हणजे निव्वळ बावळटपणा. म्हटलं, बंद कर.

आठवड्याच्या गोळ्यांचा डबा सासूबाई भरतात. त्यांनी एकेका कप्प्यातून पांढरी गोळी काढून बाटलीत परत टाकली. दोनदा विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस ना?" दुसऱ्यांदा मी जरा तोडूनच बोलले. म्हटलं, आई, हा माझाच विषय आहे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

२६ फेब्रुवारी

पुरळ गेलं, मळमळ गेली. मी म्हटलं नव्हतं?

हा परत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला जायला लागला. पहिल्याच दिवशी एका बँकवाल्या बाईंनी गाडी फुटपाथवर चढवली. घरी येऊन साग्रसंगीत अभिनय करून दाखवला. सासूबाई हसून हसून खोकल्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, त्यामुळे ह्याची खोड अशी, की टीव्हीवरसुद्धा गाडी जोरात आली की ह्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो. वर्षभर तो पाय हलला नव्हता. आज हलला.

प्रयोगशाळेत उंदरांची नवी रांग सुरू केली. ही बुरशी मोठी हट्टी. काचेच्या बशीत वाढतच नाही, तिला जिवंत फुप्फुसच लागतं. म्हणून आम्ही एक आजारी उंदीर निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यात सोडतो आणि ती श्वासातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. साधे उंदीर काही आठवड्यांत तिला हाकलून देतात. ह्या वेळी शेजारच्या पिंजऱ्यांत जन्मापासून बी पेशी नसलेले उंदीर ठेवले आहेत. तेही हाकलून देतील. दोन्हींत फरक नाही, एवढंच दाखवायचं आहे. कंटाळवाणा प्रयोग आहे, पण कुणीतरी करायलाच हवा.

डॉक्टर रजेवरून आले म्हणे. पुढच्या भेटीत गोळीचं सांगून टाकू.

१९ मार्च

आज उंदीरघरातल्या काकांशी कडाक्याचं भांडण. बी पेशी नसलेले उंदीर पाठीची कमान करून कोपऱ्यात बसले आहेत, केस पिंजारलेले, पोटं भराभर वरखाली होताहेत. मला तर दिसतंय, पिंजऱ्यांतला भुसा वेळेवर बदललेला नाही किंवा पाण्यात काहीतरी गेलंय. काका म्हणाले, दोन्ही रांगांना एकच भुसा, एकच पाणी, एकच माझे हात. मी म्हटलं, मग एक रांग मरायला का टेकलीये? ते म्हणाले, ते तुम्ही सांगायचं, पगार त्याचाच घेता. मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, आधी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बघा, मग तोंड उघडा. सरांचं हे असंच.

घरी आले तर हा खोकत होता. कोरडा, खुट्ट खुट्ट असा. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून शिकाऊ लोकांबरोबर फिरायचं, धूळ खायची, दुसरं काय होणार? वाफ घ्यायला लावली.

२ एप्रिल

काचपट्ट्या बघितल्या. बी पेशी नसलेल्या उंदरांची फुप्फुसं बुरशीने गच्च भरली आहेत. हवेला जागाच नाही. शेजारच्या साध्या उंदरांची फुप्फुसं स्वच्छ.

मी दोनदा तपासलं, मग प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या बाईकडून तपासून घेतलं. आणि कहर म्हणजे टी पेशी दोन्हीकडे आहेत. मोजल्या तर पुरेशा आहेत. पण आजारी उंदरांतल्या टी पेशी नुसत्याच आहेत, बुरशीशी गाठच पडली नसल्यासारख्या. सर खूश आहेत. म्हणाले, हा तुमच्या आयुष्यातला शोधनिबंध आहे, आता झोपू नका. मी काकांची माफी मागायला हवी. उद्या मागेन.

मनात आलं ते लिहूनच टाकते. ह्या उंदरांना जन्मापासून बी पेशी नाहीत, त्यांची सगळी घडणच वेगळी. माणसाचं तसं नसतं. ह्याच्या टी पेशींनी पन्नास वर्षांत ही बुरशी कैकदा पाहिली असेल, त्यांना ती पाठ आहे. दोन्हींची तुलना करणं शास्त्राला धरून नाही. बस्स.

संध्याकाळी जिना चढताना हा दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबला. बराच वेळ बांधत होता. मी वरून ओरडले, म्हातारा झालास की रे! स्टेरॉइडने वजन वाढलंय, त्याचा परिणाम. उद्यापासून भात कमी.

५ एप्रिल

आज त्वचेच्या डॉक्टरांकडे हा एकटाच गेला, माझी सरांबरोबर बैठक होती. गोळीचं सांगितलंस का, म्हणून विचारलं. म्हणाला, डॉक्टर घाईत होते, कातडी बघून खूश झाले, मी कशाला नसतं उकरून काढू? अंगात जरा कसर आहे. सासूबाईंनी कपाळाला हात लावून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. सारखं काय बघायचं माझ्याकडे?

११ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी शिकवणी चालू असताना ह्याला श्वासच घेता येईना. बाजूला त्या बँकवाल्या बाई. तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी न गेलेल्या त्या बाईंनी ह्याला थेट इस्पितळात आणून पोचवलं. मी पोचले तेव्हा त्या दारातल्या बाकड्यावर किल्ली घट्ट धरून रडत बसल्या होत्या. आत हा तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून मला सांगतो, "पास केलं तिला. चौथा गिअर टाकला बाईने." आणि एवढं बोलल्यावर ओठ निळे.

एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं दुधी काचेसारखी पांढुरकी. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कमी बोलतात. औषधांची चिठ्ठी वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ह्याला विचारलं, "ही पांढरी गोळी नियमित घेत होतात ना?"

मी तोंड उघडलं होतं. मी शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण ह्याने मुखवटा बाजूला ओढला आणि म्हणाला, "विसरत गेलो हो. माझीच चूक."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. हा माझ्याकडे बघत नव्हता. आणि मी गप्प बसले. का बसले, ते इथेसुद्धा लिहिता येत नाहीये.

१२ एप्रिल

फुप्फुसात नळी घालून धुवण काढलं, त्यात बुरशी सापडली. तीच. म्हणजे माणसातली तिची बहीण.

उपचार म्हणजे तेच गोळीतलं औषध, शिरेतून, कितीतरी मोठ्या मात्रेत. ते चढवतानाच माझ्या लक्षात आलं : हा "विसरलो" म्हणाला, म्हणजे पुरळाचं कुणालाच माहीत नाही. ह्याला ते औषध खरंच सोसत नसेल तर? मला वाचवायला हा खोटं बोलला, आणि त्या खोट्यानेच ह्याचा जीव गेला तर?

धावत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. पुरळ उठलं, गोळी मी बंद केली, टी पेशी सहाशे चाळीस होत्या म्हणून.

त्या म्हणाल्या, "बी पेशी काढलेल्या माणसाला हा आकडा लावायचा, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

"काय करता तुम्ही?"

"संशोधन. फुप्फुसातल्या बुरशीत बी पेशी काय करतात, त्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून नर्सला सांगितलं, कातडीवर लक्ष ठेवा, एक जरी ठिपका दिसला तर बोलवा. मग मला म्हणाल्या, कालच सांगायला हवं होतं, आणि कामाला लागल्या.

१४ एप्रिल

पुरळ नाही. एकही ठिपका नाही. त्या मोठ्या मात्रेने नाही, तर त्या एका गोळीने कसं उठेल? ते तेव्हा दुसऱ्याच कशाचं तरी होतं. साबणाचं असेल, घामाचं असेल, नव्या बनियनचं असेल. मी एका बनियनसाठी ह्याची गोळी बंद केली.

बाहेरच्या बाकड्यावर सासूबाईंनी मला सगळ्यांसमक्ष झापलं. हे तुझ्या उंदरांचं आहे, म्हणाल्या. आयुष्यभर ते घाणेरडे जीव हाताळतेस आणि त्याच हातांनी घरात येतेस. मी समजावायला गेले, की आई, उंदरांची बुरशी माणसाला लागत नाही, माणसाची वेगळी असते, ती सगळ्यांच्याच श्वासातून जात येत असते. तुमच्या, माझ्या. त्या म्हणाल्या, मला शिकवू नकोस. शेजारची बाई माझ्यापासून जरा सरकून बसली.

खरं तर मला बरं वाटलं. उंदरांवर चाललंय तर चालू दे.

१६ एप्रिल

मुखवट्याने भागत नाहीये. आज घशात नळी घालून यंत्रावर ठेवायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एकेक करून आत सोडलं. आधी सासूबाई गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी आत गेले आणि म्हटलं, मी डॉक्टरांना सांगून टाकलंय. हा म्हणाला, माहितीये, तुला राहवणार नाहीच. मग मी रडायला लागले, वेड्यासारखी, त्याच्या हातातली सुई हलेल इतकी. म्हटलं, मी मारलं रे तुला.

हा प्रत्येक शब्दाला थांबत होता. "गाडी तू चालवत होतीस. पण शेजारच्या माणसाच्या पायाखाली ब्रेक असतो. मीही नाही दाबला."

म्हटलं, तू कशाला दाबशील, तुझा माझ्यावर विश्वास होता. तर म्हणाला, "हो, तेच म्हणतोय." आणि हसला की खोकला, कळलं नाही. नर्सने मला बाहेर काढलं.

२१ एप्रिल

सर म्हणाले, येऊ नका, निबंध मी सांभाळतो. मी तरी गेले. इथे बाकड्यावर बसून यंत्राचा आवाज ऐकण्यापेक्षा तिथे निदान हाताला काम असतं.

आता कळलं, सगळं कळलं. बी पेशी म्हणजे नुसते कारखान्यातले कामगार नाहीत. बुरशीचा तुकडा अंगावर घेऊन त्या टी पेशींपुढे जातात आणि दाखवतात : हा बघा, हा चोर, ह्याला ओळखून ठेवा. हे दाखवणं झालं नाही तर टी पेशी जाग्याच होत नाहीत. कितीही असोत. आमच्या उंदरांत अगदी स्वच्छ दिसतंय. बाहेरून बी पेशी घातल्या की टी पेशी उठतात. नाही घातल्या की हजार असोत, लाख असोत, हातावर हात ठेवून उभ्या. आणि मी काय केलं? मी त्या मोजल्या. हजेरीपटावर सहाशे चाळीस नावं आहेत म्हणून निवांत झोपले.

माणसात नेमकं असंच घडतं का, हे अजून कुणी पुरतं सिद्ध केलेलं नाही. निबंधात तसंच लिहायला हवं. लिहिलं.

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, राहू द्या हो, साहेब कसे आहेत? त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, आणि मी उंदीरघरात बसून राहिले.

२४ एप्रिल

मूत्रपिंडं थकली. रक्तदाब राहत नाही. डॉक्टरीणबाई आता आकडे सांगत नाहीत, नुसतं "बघू" म्हणतात. फसलेल्या प्रयोगांबद्दल मी स्वतः विद्यार्थ्यांना असंच "बघू" म्हणत आले, म्हणून त्याचा अर्थ मला कळतो.

ह्याच्या पायाच्या तळव्याला हात लावून बसते. उजव्या. काहीच हलत नाही.

२९ एप्रिल

गेला.

१८ मे

लोक येतात, बसतात, पाणी पितात, तोच प्रश्न विचारतात : अचानक कसं काय? आणि दर वेळी सासूबाई उत्तर देतात. उंदरांचं नाव त्यांनी पुन्हा काढलेलं नाही. त्या म्हणतात, डॉक्टरांनी गोळी दिली होती, पण तो घ्यायला विसरायचा. लहानपणापासून धांदरट. शाळेत डबा विसरायचा, लग्नात पाकीट विसरला. लोक मान हलवतात. कुणी म्हणतं, पुरुष माणसं अशीच.

हा धांदरट! ज्याने बावीस वर्षांत एकदाही हँडब्रेक ओढायचं सोडलं नाही, तो! माझ्या डोळ्यांदेखत रोज त्याचं नाव खराब होतंय, त्याच्या आईच्या तोंडून, आणि मी समोर कपबश्या गोळा करते आहे. प्रत्येक वेळी ठरवते, आता सांगायचं, आता. मग पाहुणे उठतात, चपला घालतात, आणि राहून जातं.

रात्रंदिवस हेच डोक्यात. जेवण जात नाही. काल आरशात बघितलं तर माझीच मला किळस आली, नजर काढून घेतली.

७ जून

निबंध स्वीकारला गेला. तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलंय, प्रश्न इतक्या स्वच्छपणे सोडवलेला क्वचितच पाहायला मिळतो, आणि बी पेशी काढणाऱ्या औषधांवरच्या रुग्णांसाठी याचं महत्त्व लेखकांनी आणखी ठळकपणे मांडावं. सरांनी प्रयोगशाळेत पेढे... नाही, पेढे नव्हते, सरांनी नुसता हात पुढे केला आणि म्हणाले, तुमचं अभिनंदन करू की नको तेच कळत नाही. मी हात मिळवला आणि स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली.

ठळकपणे मांडलं. आणखी एक परिच्छेद घातला. चांगला झालाय.

१५ जून

आज सांगितलं.

दुपारी सासूबाई टेबलाशी शेंगा सोलत होत्या. सकाळीच कुणीतरी येऊन गेलं होतं, पुन्हा तोच धांदरटपणाचा पाढा झाला होता. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. म्हटलं, आई, तो विसरला नव्हता. गोळी मी बंद केली होती.

त्या सोलत राहिल्या.

"मला माहीत नाही होय?" म्हणाल्या. "डबा कोण भरत होतं?"

मग त्याच सांगायला लागल्या, खाली बघत, अगदी शांतपणे. नळी घालायच्या आधी त्याने आईजवळ एवढंच मागितलं होतं, की हिला बोल लावू नकोस, आणि लोकांनी विचारलं तर मी विसरलो म्हणून सांग. म्हणून त्या सांगत होत्या. प्रत्येक वेळी सांगताना जीभ जड व्हायची, म्हणाल्या. पोटच्या पोराची बदनामी करायची म्हणजे काय! पण त्याचं शेवटचं मागणं होतं. आणि उंदरांचं म्हणशील तर कुणावर तरी राग काढायलाच हवा होता. तुझ्यावर काढला असता तर थांबला नसता.

मला वाटलं, आता ह्यांच्या पायाशी बसावं. खरंच उठले होते. तेवढ्यात त्यांनी हातातली शेंग ठेवली.

"एक विचारते. तुझा विषय आहे म्हणून विचारते. गोळी चालू असती तर तो वाचला असता?"

मी विचार केला. टाळायचं म्हणून नव्हे, त्यांना नीट उत्तर द्यायचं म्हणून. इतके दिवस सगळे खोटं बोलत आले होते, आता निदान एकदा तरी ह्या घरात खरं बोललं जावं, असं मला फार तीव्रतेने वाटलं. आणि उत्तर मला येत होतं. ह्या बुरशीसाठी ती गोळी जवळजवळ कधीच चुकत नाही.

"हो," मी म्हणाले. "वाचला असता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इस्पितळात पाहायच्या तसं नव्हे, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"त्या गोळ्या मी माझ्या हाताने काढल्या गं," म्हणाल्या. "एकेका कप्प्यातून. नको वाटत होतं तरी काढल्या. मला वाटलं होतं तू म्हणशील, सांगता येत नाही, आई. आम्ही मायलेकरं तुझ्यासाठी इतकं खोटं बोललो. तुला माझ्यासाठी एकदा बोलता आलं नाही?"

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला खरं हवंय. त्या उठून खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मुलीला फोन केल्याचा. उद्या सकाळी नणंद न्यायला येते आहे. मी अर्धवट राहिलेल्या शेंगा सोलून ठेवल्या. बऱ्याच होत्या, एकटीला संपणार नाहीत.